सकाळी निघून रात्री घरी: पैसे जातात कुठे?

एका दिवसाच्या सहलीचा खर्च कमी कसा करायचा, असं कुणालाही विचारा, उत्तरं पाठ असल्यासारखी येतात. घरून डबा न्या. शनिवार-रविवार टाळा. चार जण मिळून गाडी करा. सल्ले खोटे नाहीत, पण सगळे सहल ठरून गेल्यानंतरचे आहेत. खर्च त्याच्या आधीच ठरतो. शुक्रवारी रात्री ग्रुपवर कुणीतरी 'उद्या लोणावळा?' असं टाकतो, पाच जण अंगठे दाखवतात आणि मग 'जायचं कसं' यावर चर्चा सुरू होते. ठिकाण आधी, वाहन नंतर. माझ्या मते घराजवळच्या सहली महाग होतात त्या या क्रमामुळे. आपल्या गावातून स्वस्तात कुठली गाडी कुठवर जाते ते आधी पाहावं आणि त्या वाटेवर काय बघण्यासारखं आहे ते मग शोधावं. असं केलं तर निम्मी बचत डब्याला हात लावण्याआधीच होते.

या बाबतीत मुंबईकरांइतकं नशीबवान कुणी नाही, आणि त्या नशिबाचा उपयोग त्यांच्याइतका कमी कुणी करत नाही. मध्य रेल्वेची लोकल एकीकडे कसाऱ्याला आणि दुसरीकडे कर्जत-खोपोलीला जाते. पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत जाते. म्हणजे समुद्रापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख काही दहा रुपयांच्या नोटांत येतो. अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरचं कोरीवकाम बघायला दोन तास पुरत नाहीत आणि तिकीटही नाही. केळवे रोडला उतरून सहा-आसनी रिक्षानं किनाऱ्यावर जाता येतं. टिटवाळा तर आहेच. तरीही दादरच्या माणसाला सहल म्हटलं की आधी गाडी भाड्यानं घ्यावीशी वाटते, कारण लोकल म्हणजे ऑफिस अशी गाठ डोक्यात पक्की बसलेली असते.

याला जोडून एक साधी गोष्ट. कल्याणहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्याच्या खिशातला पास रविवारी नुसता पडून असतो. त्या पासावर भायखळ्याला उतरून राणीची बाग होते, मशीद बंदरला उतरून जुनी बाजारपेठ होते, सीएसएमटीहून फोर्टमधल्या इमारती आणि काळाघोडा होतो. प्रवासाचा खर्च शून्य, कारण तो महिन्याच्या सुरुवातीलाच झालेला असतो. उलट दिशेला जायचं असेल तर पास जिथे संपतो त्या स्टेशनपासून पुढचं तिकीट काढता येतं, पूर्ण प्रवासाचं काढावं लागत नाही. खिडकीवर हे मागणारे फार थोडे असतात.

पुण्याकडे लोकलची एकच वाट आहे, लोणावळ्याची. पण ती नीट वापरली तर पुरेशी आहे. लोणावळ्यापर्यंतचं तिकीट १५ रुपये. मात्र लोणावळ्याला जायचंच नाही, त्याच्या अलीकडे मळवलीला उतरायचं. स्टेशन छोटं आहे. बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की पंधरा-वीस मिनिटांत भाजे गाव येतं. खाली सुसाट चाललेल्या गाड्या आणि वर पाठीवर सॅक टाकून रमतगमत चाललेली पोरं असं ते दृश्य आहे, आणि त्या गाड्यांतल्या प्रत्येकानं पूर्ण पल्ल्याचा ३२० रुपये टोल भरलेला असतो. गावातून पायऱ्या चढल्या की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली भाजे लेणी लागतात. लाकडी घराची नक्कल दगडात करणारी कमान, एका बाजूला चौदा स्तूपांचा घोळका, सगळ्यात शेवटच्या विहारातली रथातल्या देवाची मूर्ती. पावसाळ्यात लेण्यांच्या खालीच धबधबा असतो, त्यामुळे बहुतेक लोक धबधब्यात भिजून वर न जाताच परततात. पायात जोर असेल त्यानं गायमुख खिंडीतून लोहगड गाठावा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी हा एक, आणि बहुधा त्यातला रेल्वेनं सगळ्यात सहज गाठता येणारा.

आता हिशेब. आईबाप आणि दोन शाळकरी मुलं. लोकलचे जाऊन-येऊन फार तर १२० रुपये, मुलांचं अर्धं तिकीट धरलं तर त्याहून कमी. लेण्यांचं तिकीट माणशी २५, पण पंधरा वर्षांखालच्यांना पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकीट नाही, म्हणजे पन्नास. भाजे गावात पिठलं-भाकरीचं जेवण माणशी दीडशे-दोनशे धरा. सहल हजाराच्या आत. हीच मंडळी स्वतःच्या गाडीनं निघाली तर जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज, पेट्रोल शंभरीच्या वर. नऊशे-हजार रुपये टाकीतच गेले. टोल, पार्किंग आणि वाटेतली 'जरा थांबूया' वेगळी. याला अट एकच: दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात, म्हणून सकाळची लवकरची गाडी आणि संध्याकाळची परतीची गाडी आधी पाहून ठेवावी लागते. त्यात ढिलाई झाली की फलाटावर दोन-दोन तास बसून राहण्याची वेळ येते आणि मग कुणीतरी कॅब बोलावतोच.

रेल्वे नाही तिथे एसटी. एसटीवरच्या सवलती आपल्याला वेगवेगळ्या बातम्यांतून कळलेल्या असतात, पण एका कुटुंबावर त्या एकत्र बसवून पाहिल्या की खरा आकडा दिसतो. मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं. ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धं. आता पुण्याहून वाईला निघालेलं घर घ्या: सत्त्याहत्तरीचे आजोबा, अडुसष्ट वर्षांच्या आजी, आई, बाबा आणि आठ वर्षांचा नातू. पाच माणसं, तिकिटं अडीच. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. वाई साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे पूर्ण तिकीट दीडशेच्या घरात, आणि पाच जणांचं जाणं पावणेचारशेत. जाऊन-येऊन साडेसातशे. वाईला ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि पलीकडे तीन किलोमीटरवर मेणवली, तिथला नाना फडणवीसांचा वाडा आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा. दिवस भरतो. आजोबांनी आधार कार्ड घरी विसरायचं नाही, एवढंच. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या असतात हेही ध्यानात असू द्यावं. कोल्हापूरहून बेळगावकडे किंवा सावंतवाडीहून गोव्याकडे निघालेल्यांची गल्लत तिथे होते. शहर बससेवांना एसटीची सवलत आपोआप लागू नसते, ही दुसरी गल्लत.

पण इथे गाडीवाल्यांची बाजूही मांडायला हवी. याच पाच जणांना घेऊन गाडी वाईला गेली तर पेट्रोलचे बाराशे-तेराशे आणि खेड-शिवापूरचा टोल. एसटीशी फरक सहा-सातशेचा, आणि त्यात आजी-आजोबांचे गुडघे, स्टँडवरची वाट पाहणं, मेणवलीपर्यंतची रिक्षा. अशा वेळी गाडी काढली तर त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही. गाडी महाग पडते ती दोघांसाठी काढली की. पाचही जागा भरलेली गाडी आणि दोनच जागा भरलेली गाडी यांत पेट्रोल जवळपास सारखंच जळतं, माणशी खर्च मात्र अडीचपट होतो. 'गाडी की बस' या प्रश्नाला एकच उत्तर देणारे लेख म्हणूनच मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत.

टोलच्या बाबतीत गेल्या दोन वर्षांत बरंच बदललं. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो: ३,००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडता येतो, म्हणजे एका वेळेला १५ रुपये. महिन्यातून एक-दोनदा सातारा-कोल्हापूर रस्त्याला लागणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. मात्र हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरताच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, समृद्धी राज्याचा, अटल सेतूही त्यात येत नाही. अटल सेतूवर कारला एका बाजूचे २५० आणि जाऊन-येऊन ३७५, तेव्हा त्याच दिवशी परतायचं असेल तर परतीचा दर लागला का ते पाहावं.

भाड्याच्या गाडीचा एक छुपा खर्च असा, जो नेमका जवळच्या सहलीलाच लागतो. बाहेरगावची गाडी ठरवली की बहुतेक वाहनवाले दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरून पैसे लावतात. तुम्ही जाणार-येणार सगळे मिळून ११० किलोमीटर. उरलेले दीड-पावणेदोनशे किलोमीटर तुम्ही न फिरताच विकत घेता. वर चालकाचा भत्ता. म्हणून पन्नास किलोमीटरच्या आतल्या ठिकाणासाठी 'बाहेरगाव' न म्हणता आठ तास-ऐंशी किलोमीटरचा स्थानिक दर विचारावा आणि जास्तीच्या किलोमीटरचे वेगळे द्यावेत. किंवा टेंपो ट्रॅव्हलर करायचीच असेल तर तीनशे किलोमीटर वसूल होतील इतकं लांबचं ठिकाण निवडावं. मोठ्या गटासाठी एसटी प्रासंगिक करारावर मिळते. शाळांच्या सहलींना एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते; तरी शाळा खासगी बस का करतात, हा पालकांनी सभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

शहराच्या बसचे दिवसाचे पास सरसकट फायद्याचे नसतात. पीएमपीचा दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दैनिक पास जून २०२५ पासून ७० रुपयांचा झाला आणि पीएमआरडीएच्या पूर्ण हद्दीचा १५०. शनिवारवाड्यावरून सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन परत यायचं तर सुटी तिकिटंच शंभर-सव्वाशेत होतात, तिथे १५० चा पास घेणं म्हणजे तोटा. तोच पास घेऊन सकाळी सिंहगड आणि येताना खडकवासला, सारसबाग असे दोन-तीन थांबे घेतले तर तो पैसे वाचवतो. एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासाचंही तसंच. तो किमान चार दिवसांचा असतो, एका दिवसाच्या सहलीला त्याचा उपयोग नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत लागोपाठ चार दिवस रोज सकाळी वेगळ्या दिशेला निघून रात्री घरी यायचं, असा बेत कुणी केला तर तो पास वसूल होईल.

प्रवेश तिकिटांवर माणसं जितकी कुरकुर करतात, तितका तो खर्च नसतो. पुरातत्त्व खात्याची बहुतेक ठिकाणं भारतीयांना २५ रुपयांत आणि अजिंठा, वेरूळ, घारापुरी ४० रुपयांत आहेत. रोख न देता ऑनलाइन भरले तर पाच रुपये कमी. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, खातं प्रवेश मोफत ठेवतं. राणीच्या बागेत मोठ्याला ५० आणि लहानाला २५, पण आईबाप आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर मिळून १००, आणि हे कुटुंबाचं तिकीट मागावं लागतं. कासला माणशी १५० आहेत. ते देऊन जावं, बुकिंग आधी करावं, आणि फुलं येण्याच्या सुरुवातीच्या उत्साहात पहिल्याच रविवारी धावू नये. तिकिटापेक्षा महाग पडतो तो बंद दरवाजा. अजिंठा सोमवारी बंद, घारापुरी सोमवारी, वेरूळ मंगळवारी, राणीची बाग बुधवारी. गर्दी टाळायची म्हणून मधल्या वारी रजा टाकून निघालेलं कुटुंब नेमकं या वारांना दारात जाऊन उभं राहतं. अजिंठ्याला तर फर्दापूरच्या टी-पॉइंटला स्वतःची गाडी सोडून पुढे एसटीच्या बसनं जावं लागतं, म्हणजे पार्किंग आणि बस दोन्हीचे पैसे धरून ठेवायचे.

विदर्भ-मराठवाड्यात चित्र वेगळं आहे. तिथे ठिकाणं स्वस्त आणि अंतरं मोठी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीस किलोमीटरवर, वाटेत दौलताबाद आणि खुलताबाद, एसटी सतत. तिथल्या लोकांना आमच्यासारख्यांचा सल्ला नको. नागपूरकरांना रामटेक आणि सेवाग्राम. १९३६ साली गांधीजींनी वसवलेल्या सेवाग्राम आश्रमाला तिकीट नाही आणि जवळच पवनारला विनोबांचा आश्रम धाम नदीच्या काठावर आहे. साध्या पॅसेंजर गाड्यांचं किमान भाडं कोरोनानंतर ३० रुपये झालं होतं, ते २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. या भागांत खर्च वाढतो तो आडगावांना दिवसातून दोनच गाड्या असल्यामुळे, आणि त्याला बचतीच्या युक्त्यांनी काही होत नाही.

शेवटचे तीन किलोमीटर हा सगळीकडचा दुखरा भाग. लोकलनं शंभर किलोमीटर ३० रुपयांच्या आसपास आणि तिथून पुढे रिक्षा तीनशे, ही तक्रार प्रत्येकाची असते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत माणशी भाड्याच्या टॅक्सी असतात, त्यांत दोन सीटसाठी थांबायची तयारी ठेवली तर पूर्ण गाडी करावी लागत नाही. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीचेक किलोमीटर आहे, मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेनं झाडीतून. तिथे घोडेवाले 'फार लांब आहे, दीड तास लागेल' असं सांगतात. पाऊण तास लागतो. माथेरानला जाऊन चालायचं टाळणं हा तसाही विनोदच आहे. सिंहगडाच्या पायथ्याहूनही वर शेअर जीप जातात. रविवारी सकाळी रांग लागते, पण एकेका सीटचा भाव मिळतो.

आता डबा. घरून डबा नेल्यानं पैसे वाचतात हे लहान मुलालाही कळतं, तरी नेलेला डबा अर्धा परत येतो आणि बाहेरचं खाणं होतंच. याचं कारण डब्यात चुकीचे पदार्थ असतात. पोळी-भाजी दुपारपर्यंत मरगळते, सँडविच ओलं होतं आणि समोर गरम भजी तळताना दिसली की कुणाचा निश्चय टिकत नाही. पूर्वीच्या बायकांना हे ठाऊक होतं. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या गार झाल्यावर जास्त चांगल्या लागतात. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, भडंग, उकडलेले बटाटे आणि पुडीत मीठ-तिखट, न सोललेल्या काकड्या. दही नेऊ नये, सांडतं. माझं मत असं की डब्यानं सकाळचा नाश्ता आणि चारची भूक भागवावी, कारण हायवेवरच्या हॉटेलात जातात ते पैसे या दोन वेळांचे. दुपारचं जेवण मात्र गावात घ्यावं. सिंहगडावर झापाखाली बसून पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही खाणं हा सहलीचाच भाग आहे. त्याचे पैसे वाचवून काय मिळवलं? आणि दही विकणाऱ्या मावशींशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस येताना फूडमॉलमध्ये दोनशेची कॉफी पितो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. चार माणसांना उन्हाळ्यात दिवसभरात आठ-दहा लिटर पाणी लागतं. बाटल्या विकत घेतल्या तर दोनशे रुपये गेले, आणि गडावर त्या वीसच्या तीस होतात, कारण त्या डोक्यावरून वर आलेल्या असतात. घरून भरलेला पाच लिटरचा कॅन गाडीत आणि बाटल्या सॅकमध्ये, याला पर्याय नाही.

कृषी पर्यटन केंद्रांची आणि हुरडा पार्टीची पॅकेजं स्वस्त की महाग, यावर घरोघरी वाद होतात. चहा, नाश्ता, जेवण, बैलगाडी, पुन्हा चहा, सगळं मिळून एक रक्कम. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, दिवसभर एकाच जागी राहायचं असेल, तर वेगवेगळे पैसे मोजण्यापेक्षा ही रक्कम परवडते. तरुणांचा गट दोन तासांत कंटाळतो आणि उरलेलं पॅकेज वाया जातं. हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारीचा; त्यातही रविवार सोडून गेलं तर शेतकऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो आणि भावही बहुधा कमी असतो. ठरवताना दोन प्रश्न फोनवर विचारावेत: मुलांचा दर कुठल्या वयापासून, आणि हुरडा पोटभर की वाटीनं.

पावसाळ्याबद्दल मात्र सावध बोलावं लागतं. सगळ्यात जास्त सहली तेव्हाच निघतात आणि सगळ्यात जास्त पैसे तेव्हाच वाया जातात. भुशी धरणावर जून २०२४ मध्ये आणि कुंडमळ्याच्या पुलावर जून २०२५ मध्ये झालेल्या दुर्घटनांनंतर धबधबे, धरणं, काही गड यांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, संध्याकाळी विशिष्ट वेळेनंतर प्रवेश बंद होतो. ते योग्यच आहे. आदेश न पाहता निघालेली गाडी तीन तास कोंडीत उभी राहून, पेट्रोल जाळून, वेशीवरून परत येते. त्या दिवसाचा दर किलोमीटरचा खर्च विमानाला लाजवेल. पावसातच जायचं तर मंगळवार-बुधवार पाहावा, नाहीतर सरळ सप्टेंबरपर्यंत थांबावं. तेव्हा डोंगर हिरवे असतातच आणि रस्ते मोकळे.

राहिला गटाचा हिशेब. येताना गाडीत 'कुणी किती दिले' ही चर्चा सुरू झाली की सहल कडू होते. निघायच्या आधी ठरावीक वर्गणी काढून एकाच्या हातात द्यावी आणि खर्च त्यातूनच करावा. पिशवीतले पैसे संपत आले की उगाच आइस्क्रीम घ्यायला कुणी उठत नाही. मोबाइलवरून भरताना ते कळत नाही.

आणि परतीची गाडी. शेवटची एसटी चुकली तर दिवसभराची सगळी बचत एका खासगी जीपवाल्याच्या खिशात जाते. म्हणून स्टँडवर उतरल्या उतरल्या, देवळात किंवा गडावर जायच्या आधी, चौकशीच्या खिडकीवर परतीची वेळ विचारून घ्यावी. फलकावर रंगवलेल्या वेळांवर विसंबू नये, त्या कधीकधी मागच्या वेळापत्रकातल्या असतात. आलेल्या गाडीच्या कंडक्टरला विचारलेलं सगळ्यात बरं, कारण आडगावांत बहुतेक वेळा संध्याकाळी तीच गाडी परत जाते. आणि शेवटची गाडी आपली मानायची नाही. आपली गाडी तिच्या आधीची.